दाखवलेलं ताट

भाद्रपदात ज्येष्ठा नक्षत्रावर महालक्ष्म्यांचं जेवण असतं. त्या दुपारी नागपुरातल्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या घरात डोकवावं. पहाटेपासून पेटलेल्या शेगड्या बाराच्या पुढे कुठे शांत होतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा ठेवणीतल्या साड्या नेसून उभ्या असतात. पुढे केळीच्या पानांवर पुरणपोळी, ज्वारीची आंबील, सोळा भाज्यांची मिळून एक भाजी, कढी, भजी, डावीकडे चटण्या-कोशिंबिरी. डोक्यावर फुलोरा टांगलेला असतो: करंज्या, साटोऱ्या, पापड्या, कणकेची तळलेली वेणी, कणकेचीच फणी. पानाभोवती पाणी फिरतं, हात जोडले जातात आणि दार हलकेच लोटून घेतात. देवींना निवांत जेवू द्यायचं असतं. बाहेर पोटात कावळे ओरडत असलेली मुलं दर दोन मिनिटांनी विचारतात, "आजी, झालं काय त्यांचं जेवण?"

दार उघडतं तेव्हा पान जसंच्या तसं असतं. पोळीचा तुकडा मोडलेला नाही, आंबिलीवरची साय हललेली नाही. याचं आश्चर्य कुणालाच वाटत नाही, कारण मराठी माणूस देवाला जेवण वाढतो तेव्हा बोलताना 'नैवेद्य दाखवला' असं म्हणतो. पाहुण्याला कुणी जेवण दाखवत नाही. पाहुण्याला जेवण दाखवून दार लोटून घेतलं तर तो पुन्हा उंबरा चढणार नाही. देवाच्या बाबतीत मात्र पाहणं म्हणजेच जेवणं, हे आपण शंका न काढता धरून चालतो.

ही शंका ज्याने काढली तो नामदेव. संतचरित्रांतली गोष्ट घरोघरी ठाऊक आहे: वडिलांनी नैवेद्य घेऊन पाठवलं आणि पोर विठ्ठलासमोर बसून राहिलं, खात का नाहीस म्हणून. देव खाईना तेव्हा डोकं आपटायला निघालं, मग विठ्ठलाला जेवावं लागलं. भक्तीचा महिमा म्हणून ही गोष्ट सांगतात, पण तिच्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. नुसतं दाखवलेलं अन्न कुणासाठी असतं? जे कुणी खाणार नाही ते इतक्या निगुतीने मांडायचं कशाला?

हाच प्रश्न घेऊन ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममधल्या एका चित्रासमोर उभं राहता येतं. हार्लेमच्या पीटर क्लासने ते १६२७ साली रंगवलं. मेजावर पांढरीशुभ्र चादर, इस्त्रीच्या घड्या अजून उमटलेल्या. मागे टर्कीचा पाय. हा पाय अवयव नव्हे, इंग्रजीतला 'pie': आत सारण भरून भाजलेला मोठा रोट, आणि त्यावर त्याच टर्कीचं डोकं आणि पंख पिसांसकट पुन्हा बसवलेले, जणू पक्षी आत्ताच येऊन बसलाय. पुढे दुसरा एक पाय, तो मात्र फोडलेला, सारण बाहेर डोकावतंय. शिंपल्याचा चषक, कालवं, पाव, हिरवट काचेच्या पेल्यात वाइन, अर्धवट सोललेलं लिंबू. पंचांगासारख्या एका छापील पुस्तिकेचं पान गुंडाळून पुडी केलीय आणि तिच्यातून मिरपूड सांडलीय. वाण्याने रद्दीच्या कागदात बांधून दिलेली पुडी ज्याने पाहिली आहे त्याला हा कोपरा ओळखीचा वाटेल. आणि या सगळ्यात एक निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचा वाडगा आहे, फळांनी भरलेला.

माणूस एकही नाही. कुणीतरी होतं, कारण पाय फोडलाय, लिंबू सोललंय. कुणीतरी येणार आहे, कारण पेला भरलेला आहे. पण चारशे वर्षं होत आली, आलेलं कुणी नाही.

या प्रकाराला मराठीत स्थिरचित्र म्हणतात. इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने तांब्या, कापड आणि दोन वांगी समोर ठेवून ते काढलेलं असतं आणि बहुतेकांना ते कंटाळवाणं वाटलेलं असतं. तांब्याचा काठ वाकडा येतो, गुरुजी खोडरबर मागवतात, संपलं. या तांब्या-वांग्यांत कधीकाळी धर्माचा मोठा वाद सामावला होता हे तेव्हा कुणी सांगत नाही.

हार्लेमचं मोठं चर्च सेंट बावो. १५७८ नंतर ते कॅथलिकांकडून प्रोटेस्टंटांकडे गेलं. वेद्या गेल्या, मूर्ती गेल्या, भिंतींना पांढरा रंग आला. पीटर सान्रेडाम नावाच्या चित्रकाराने पुढे हेच रिकामं, पांढरं चर्च पुन्हा पुन्हा रंगवलं. प्रोटेस्टंट धर्मसुधारक काल्व्हिनच्या अनुयायांना मूर्ती नको होती आणि पाव-वाइन यांचं खरोखरीचं देवाचं शरीर-रक्त होतं हेही मान्य नव्हतं. पाव हा पावच. वेदीच्या जागी साधं मेज आलं, त्यावर पांढरी चादर, भोवती बसून पाव मोडायचा आणि पेला पुढे द्यायचा. धर्मचित्रांची मागणी आटली. त्याच गावात, त्याच पिढ्यांत, चित्रकार घरातल्या मेजावरचा पाव, वाइन आणि पांढरी चादर इतक्या एकाग्रतेने रंगवू लागले की पाहणाऱ्याने हळू आवाजात बोलावं.

हा योगायोग नव्हे, असं मानायला जागा आहे. हार्लेमच्या चित्रांतलं मेज म्हणजे देव उठून गेल्यावर मागे राहिलेला नैवेद्य. दाखवण्याची सवय गेली नाही, ज्याला दाखवायचं तो गेला. मग ते ताट कुणाला दाखवायचं? ज्याने पैसे देऊन चित्र विकत घेतलं त्याला.

स्पेनमध्ये देव अजून जागेवर होता, म्हणून तिथलं अन्न वेगळं दिसतं. हुआन सांचेस कोतान खिडकीच्या काळ्या चौकटीत एक कोबी, एक क्विन्स हे फळ, कापलेलं खरबूज आणि काकडी मांडायचा. कोबी आणि क्विन्स दोरीने टांगलेले, अगदी फुलोऱ्यासारखे. १६०३ साली तो कार्थुसियन मठात दाखल झाला. ही मंडळी मांसाला शिवत नसत. फ्रान्सिस्को दे थुर्बारानने १६३३ मध्ये एका फळीवर तीन गोष्टी ओळीने ठेवल्या: डावीकडे ताटलीत लिंबू-कुळातली फळं, मधोमध टोपलीत संत्री आणि वर पांढऱ्या फुलांची डहाळी, उजवीकडे चांदीच्या ताटलीत पाण्याचा पेला आणि एक गुलाब. हे चित्र आज कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या नॉर्टन सायमन म्युझियममध्ये आहे. मेरीमातेला वाहिलेला नैवेद्य म्हणून ते वाचण्याची परंपरा आहे. नागपूरच्या माणसाला हे कुणी शिकवायची गरज नाही. टोपलीतल्या संत्र्यावर फुलं ठेवली की ते फळ खाण्याचं राहत नाही, हे त्याला दिसताक्षणी कळतं.

संत्र्यावरून एक विषयांतर. डच भाषेत संत्र्याला 'सिनासआपल' म्हणतात, म्हणजे चीनचं सफरचंद. स्पॅनिशमधलं 'नारांखा' हे आपल्या नारंगाचंच दूरचं भावंड. आपली मोसंबी मोझांबिकहून नाव घेऊन आली. फळाच्या नावात त्याचा प्रवास राहतो. भांड्याच्याही राहतो. आपण कपाला, बरणीला, अगदी न्हाणीघरातल्या भांड्यालाही चिनी मातीचं म्हणतो, मग ते गुजरातेत का बनलेलं असेना.

आता तो वाडगा. तो हार्लेमला पोचला कसा?

चीनमधल्या जिंगदेजेनच्या भट्ट्यांत केओलिन नावाची पांढरी माती आणि एक प्रकारचा दगड कुटून, मिसळून, साधारण १३०० अंश सेल्सियसला भाजत. भांडं पातळ, टणक, टिचकी मारली तर खणखणीत वाजणारं. युरोपला हे कोडं १७०८-१० पर्यंत सुटलं नाही. तोवर डेल्फ्टचे कुंभार साध्या मातीवर पांढरा मुलामा चढवून निळी नक्षी काढत. वरून चिनी, कपचा उडाला की आतून साधी माती. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवाचं मडकं कच्चं निघालं, त्या कथेतला निकष डेल्फ्टला लावला असता तर अर्धी बाजारपेठ नापास झाली असती.

खरं चिनी मातीचं भांडं पोर्तुगीज आणत होते, मकाव, मलाक्का आणि गोवा या वाटेने. १६०२ साली गोव्याहून लिस्बनला निघालेलं 'सां तियागो' हे पोर्तुगीज जहाज सेंट हेलेना बेटापाशी डचांनी पकडलं आणि त्यातल्या मालाचा मिडलबर्गला लिलाव झाला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सिंगापूरजवळ 'सांता कातारिना' पकडलं. याकोब फान हीम्सकर्कने ते लुटून आणलं आणि १६०४ मध्ये ॲमस्टरडॅमला लिलाव मांडला. त्यात चिनी मातीची सुमारे एक लाख भांडी होती. फ्रान्सच्या राजाने जेवणाची भांडी तिथूनच घेतली असं सांगतात. पोर्तुगीजांच्या या मोठ्या जहाजांना कॅरॅक म्हणत. त्यावरूनच अशा भांड्यांना डचांनी 'क्राक' हे नाव दिलं असावं. म्हणजे डच घरात ज्या जातीची बशी प्रतिष्ठेची ठरली, तिच्या नावातच लुटलेलं जहाज आहे.

इथे धर्माचा प्रश्न उघडपणे विचारला गेला, आणि तो विचारणारे चित्रकार नव्हते. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांत काही मेनोनाइट होते. हा ख्रिस्ती पंथ शस्त्र न उचलण्याला बांधील. त्यांच्यातल्या काहींनी म्हटलं की हा लुटीचा पैसा आहे, आम्हाला त्यातला वाटा नको. कंपनीची पंचाईत झाली. लूट न्याय्य कशी हे पटवून द्यायला विशीतल्या एका हुशार वकिलाला, ह्यूगो ग्रोशियसला, कामाला लावलं. त्याने लांबलचक ग्रंथ लिहिला. त्यातलं एक प्रकरण १६०९ साली 'मारे लिबेरुम', म्हणजे 'मुक्त समुद्र', या नावाने छापलं गेलं. समुद्र कुणा एकाच्या मालकीचा नाही हा आंतरराष्ट्रीय कायद्यातला पायाभूत विचार मानतात. त्याचं एक मूळ असं बशांच्या लिलावात आहे.

याच कंपनीने १६३७ साली आदिलशाहीची परवानगी घेऊन वेंगुर्ल्याला वखार घातली. तिची पडकी भिंत आजही तिथे उभी आहे. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायला ती जागा सोयीची होती. तिथल्या डचांची पत्रं शिवकालाच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात, त्यामुळे वेंगुर्ल्याचे डच आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असतात. त्यांच्या मायदेशी तेव्हा मेजावर काय मांडलं जात होतं, हे त्या पुस्तकांत येत नाही.

मेनोनाइटांच्या त्या नकाराची खूण एकाही स्थिरचित्रात सापडत नाही. वाडगा निष्पाप दिसतो. ज्युली होखश्ट्रासर या अभ्यासक बाईंनी २००७ मध्ये डच स्थिरचित्रं आणि व्यापार यांवर पुस्तक लिहून मेजावरची एकेक वस्तू तिच्या बंदरापर्यंत मागे नेली, मिरी, मीठ, चिनी माती. त्यांचा मुद्दा साधा आहे: चित्रात मजूर नाही, गुलाम नाही, खलाशी नाही, आणि ही अनुपस्थितीसुद्धा चित्राचाच भाग आहे.

अशा चित्रांना धार्मिक अर्थ द्यायची नेहमीची रीत वेगळी आहे. सगळं क्षणभंगुर, हे ती सांगते. बायबलच्या जुन्या करारातल्या उपदेशकाच्या ग्रंथावरून या भावनेला लॅटिनमध्ये 'व्हानितास' म्हणतात. कलंडलेला पेला म्हणजे आयुष्य, सोललेलं लिंबू म्हणजे दिसायला छान पण आंबट सुख, घड्याळ म्हणजे मरण. एडी डी योंग यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा खुणांचा कोशच मांडला. १९८३ मध्ये स्वेतलाना आल्पर्स यांनी त्यावर हरकत घेतली. डच माणसाला पाहण्यात रस होता, प्रत्येक लिंबात प्रवचन शोधू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. वाद अजून मिटलेला नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, असं म्हणून सुटका करून घेता येते, पण चित्राकडे नीट पाहिलं तर आल्पर्स यांचं पारडं जड वाटतं. ज्याला सुख व्यर्थ वाटतं तो माणूस लिंबाच्या सालीवरचा एकेक खळगा रंगवायला दिवस घालवत नाही.

तरी एक चित्र या मताला आडवं येतं. डच चित्रकार विल्लेम काल्फने १६६२ साली रंगवलेलं, माद्रिदच्या थिसेन संग्रहालयातलं. काळ्याभोर पार्श्वभूमीवर गालिचा, शंखाचा चषक, सोललेलं लिंबू, आणि झाकणाचा एक चिनी वाडगा. त्या वाडग्याला बाहेरून छोट्या रंगीत मूर्ती चिकटवलेल्या आहेत. त्या ताओ पंथातले आठ सिद्ध आहेत, मृत्यू जिंकलेले अमर. काल्फला ते कोण आहेत हे बहुधा माहीत नसावं, त्याच्या लेखी ती आठ गोजिरवाणी चिनी माणसं. पण नश्वरतेचं म्हणून सांगितलेल्या चित्राच्या मधोमध आठ अमर उभे आहेत, आणि त्यांच्या पायाशी लिंबू सुकत चाललंय.

नश्वरतेसाठी नागपूरकराला काल्फकडे जावं लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, तेव्हापासून शहरातल्या हजारो घरांत आणि विहारांत वंदना म्हटली जाते. बुद्धापुढे फूल ठेवताना म्हणायच्या पाली गाथेचा आशयच असा की हे फूल जसं कोमेजतं तसंच हे शरीरही विनाशाकडे जातं. फूल वाहता वाहता त्याच्या मरणाची आठवण. इथे काही मागायचं नाही आणि बुद्ध ते फूल स्वीकारेल अशी समजूतही नाही. फूल दाखवायचं, पण ते स्वतःलाच. 'व्हानितास' या कल्पनेला याहून थेट रूप क्वचितच कुठे मिळालं असेल, आणि इथे ते रोज सकाळी उदबत्तीच्या वासात घडतं.

दुसरं रूप गंगाबाई घाटावर दिसतं. अग्नी देणाऱ्याच्या खांद्यावर पाण्याचं मडकं असतं. प्रत्येक फेरीला दगडाने त्याला भोक पाडतात, पाण्याची धार लागते आणि शेवटी मडकं मागे टाकून फोडतात. तिथे चिनी माती चालत नाही. फुटण्यासाठी मुद्दाम कच्च्या, स्वस्त मातीचंच भांडं लागतं. वेदान्ती याच मडक्यावरून उलटा धडा देतात: घट फुटला तरी आतलं आकाश फुटत नाही, ते आधीपासून बाहेरच्या आकाशाशी एकच होतं. डच चित्रकार कलंडलेल्या पेल्यापाशी थांबतो, अद्वैती पेला फोडून पुढे निघतो. सामान्य माणूस मात्र या दोघांच्या मधे असतो. त्याला पेला हवा असतो, आणि तो फुटणार हेही कळत असतं.

चिनी हे नाव आपल्याकडे एका महालालाही मिळालं: दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. भिंतीवर बसवलेल्या निळ्या चकाकत्या फरशांवरून हे नाव पडलं, त्यातल्या थोड्या अजून टिकून आहेत. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने तिथला शेवटचा कुतुबशहा, शौकीन अबुल हसन तानाशाह, याला आणून इथेच ठेवलं. तो शेवटपर्यंत कैदेत राहिला. १६९३ साली काल्फ ॲमस्टरडॅममध्ये वारला, तेव्हा हा राजा निळ्या फरशांकडे पाहत बसलेला होता. पर्यटकांना मार्गदर्शक तोफेची लांबी सांगतात आणि चिनी महालापाशी फार रेंगाळत नाहीत.

मराठी घरात चिनी माती आली ती महालाच्या वाटेने नव्हे, लोणच्याच्या. पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं. कल्हई केली तरी वर्षभर भरवसा नाही. मीठ, मोहरी, तेल आणि कैरी यांना जिरवणारी आणि स्वतः न बिघडणारी एकच वस्तू मिळाली, ती म्हणजे बरणी. पिवळसर पांढरी, वर तपकिरी गळा, तोंडाला दादरा बांधलेला. धर्मशास्त्राला या बरणीचं काय करावं ते सुचेना. नियम असा की धातूचं भांडं राखेने, आंबटाने घासून शुद्ध होतं, मातीचं विटाळलं तर पुन्हा भट्टीत घालावं नाहीतर फेकावं. मग १३०० अंशांना भाजून काचेसारखी झालेली माती ही माती की काच? घराघराने आपापली तोड काढली. बरणी सोवळ्यात चालली, कपबशी चालली नाही. लोणचं आपल्याच हातचं होतं. चहा कुणाच्या हातचा, हा प्रश्न होता.

सोवळ्याला शेवट कुठे असतो हे लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या वडिलांविषयी लिहिलंय. त्यांचं शुद्धतेचं वेड मीठ आणि साखर धुऊन घेण्यापर्यंत गेलं होतं. साखर धुतल्यावर काय उरतं? वाचताना हसू येतं, पण ते लवकर थांबतं, कारण त्या घरातली सगळी माणसं त्या वेडाखाली दबलेली होती. याच लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते, तिथे 'ऋषी' नावाचं मासिक चालवत होते. १८९३ मध्ये राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण चिनी मातीच्या कपावरून महाराष्ट्रात खरं रण माजलं ते त्याआधी, पुण्यात, १८९० साली. पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती, न्या. रानडे आणि लोकमान्य टिळक त्यांत होते. शेवटी चहा आणि बिस्किटं आली. या बेतात हात होता गोपाळराव जोशींचा, डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांचा. त्यांनी आलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मधून जाहीर करून टाकली. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य सुरू झालं, बहिष्कार पडले. चौकशीत निरनिराळे खुलासे आले. कुणी चहा प्यायलेच होते, कुणी कप नुसता हातात घेऊन खाली ठेवला होता. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं पुढे केलं. रानड्यांनी मित्रांच्या घरच्या अडचणी पाहून प्रायश्चित्त घेतलं, आणि सुधारकांतल्याच काहींना ते फार लागलं.

नुसता हातात घेऊन खाली ठेवलेला कप. स्थिरचित्राची याहून अचूक व्याख्या सापडणं कठीण. वाफ निघतेय, बशीत बिस्किट आहे, कुणी ओठ लावलेला नाही आणि पाप लागलं की नाही यावर धर्मपीठ बसलं आहे. देवाच्या बाबतीत पाहिलं की जेवलं असं धरणारे आपण, माणसाच्या बाबतीत हात लावला की बाटला असं धरतो. दोन्ही ठिकाणी खाणं घडलेलंच नाही.

ॲमस्टरडॅमचे मेनोनाइट आणि पुण्याचे शास्त्री यांना शेजारी बसवलं तर एक फरक लख्ख दिसतो. एकाच वस्तूला दोन धर्मांनी दोन प्रश्न विचारले. मेनोनाइटांनी विचारलं, हे भांडं कुणाकडून हिसकावून आणलं? शास्त्र्यांनी विचारलं, या भांड्यात कुणी ओतलं? दुसरा प्रश्न विचारण्यात आपल्या समाजाची शतकं गेली. गावोगावच्या चहाच्या हॉटेलाबाहेर कोनाड्यात ठेवलेली वेगळी कपबशी हे त्या प्रश्नाचं रोजचं उत्तर होतं. दलित आत्मकथनांत ती कपबशी इतक्या वेळा येते की तिचा कान तुटलेला, काठाचा टवका उडालेला हेही वाचणाऱ्याला पाठ होतं. महाराष्ट्राचं एखादं प्रातिनिधिक स्थिरचित्र काढायचं झालं तर पैठणीवर ठेवलेल्या आंब्यांचं काढू नये. त्या कोनाड्याचं काढावं.

चोखोबांची गोष्ट याच प्रश्नाला वळसा घालते. चोखामेळा नदीकाठी जेवत होता, विठ्ठल शेजारी बसून जेवत होता, वाढताना चोखोबाच्या बायकोच्या हातून दही पीतांबरावर सांडलं. चोखोबा तिला काही बोलला, ते ऐकून देवळाच्या पुजाऱ्याला वाटलं हा थट्टा करतोय, आणि त्याने थोबाडीत मारली. परत येऊन पाहतो तर मूर्तीचा गाल सुजलेला, पीतांबर दह्याने माखलेला. नामदेवाच्या गोष्टीत देव ताटातलं खातो. इथे तो पंगतीला बसतो, आणि पुरावा म्हणून डाग ठेवून जातो. दाखवलेल्या ताटाला जो डाग कधी पडत नाही, तो.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन आणि दोराबजी टाटांच्या संग्रहांतून आलेली चिनी भांडी काचेमागे आहेत. नागपूरहून मुंबईला गेलेल्यांनी सुट्टीत तिकडे एक तास काढावा. भांड्यासमोर उभं राहून त्यात काय वाढलं गेलं असेल याचा विचार आपोआप सुचतो. ते कुणी भाजलं, कुणी वाहिलं आणि कुणाला त्याला हात लावायची बंदी होती, हे मुद्दाम विचारावं लागतं.

आणि महालक्ष्म्या. तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर विसर्जन होतं. तोवर दाखवलेलं सगळं वाटून संपलेलं असतं, उरला फुलोरा. स्टुलावर चढून कुणीतरी कात्रीने दोरे कापतं, करंज्या डब्यांत भरून शेजारीपाजारी, कामाला येणाऱ्या बाईंकडे, भाच्याच्या होस्टेलवर जातात. क्लासच्या मेजावरची टर्की १६२७ पासून तशीच बसलेली आहे. इकडे कणकेची फणी कुणाला मिळणार यावरून घरातल्या मुलींचं दरवर्षी भांडण होतं, आणि ती मऊ पडायच्या आत खावी लागते.